तायडे गुरुजींचा सरनामा

मला ‘अहो’ म्हणणारा पहिला माणूस म्हणजे तायडे गुरुजी. मी तेव्हा वीस वर्षांची होते. घरी सगळ्यांची ‘सिंधे’ होते, आणि सुलतानपूरच्या आमच्या मळ्यात वांग्यांच्या वाफ्यांना पाणी सोडताना तर ‘ए पोरी’ एवढ्यावरच भागत असे. जिल्हा परिषद नुकतीच झाली होती. गावोगावी शाळा वाढत होत्या आणि मास्तरणी मिळत नव्हत्या, म्हणून माझ्यासारखीलाही नेमणुकीचा कागद आला. धाड या बाजाराच्या गावी एस.टी.तून उतरले, तिथून दोन कोस चालले आणि पायाला फोड आलेल्या अवस्थेत शाळेच्या दारात उभी राहिले. आत पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेला एक उंच, सावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस उठला आणि म्हणाला, “या सिंधूबाई. आज सम तारीख आहे, खुर्ची तुमची.”

शाळेत खुर्ची एकच होती. मुख्याध्यापक म्हणून ती गुरुजींची. पण विषम तारखेला ती गुरुजींची आणि सम तारखेला सहशिक्षकाची, असा त्यांनी नियम केला होता आणि तो भिंतीवर लिहून लावला होता. मला त्या खुर्चीवर बसवत नसे. शाळा समितीचे अध्यक्ष रामराव आप्पा एकदा सम तारखेला आले. गावात सर्वांत जास्त जमीन त्यांची, आणि मान जमिनीहून जास्त. मी खुर्चीवर आणि हेडमास्तर ट्रंकेवर बघून ते दारातच थबकले. मी ताडकन उठले, तर गुरुजी म्हणाले, “बसा बसा, आपला हक्क सोडू नका.” आप्पांनी मिशीतल्या मिशीत हसून जमिनीवर बसकण मारली.

या खुर्चीमागची गोष्ट त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितली. गुरुजी ख्रिस्ती होते, जन्माचे. त्यांचे वडीलही मास्तरच, मिशनच्या शाळेत. महिन्याकाठी ते कामाचा अहवाल द्यायला पाद्री साहेबांच्या बंगल्यावर जात, आणि लहानगा शमुवेल, म्हणजे आमचे गुरुजी, त्यांचं बोट धरून जाई. साहेब मोठा दयाळू. पटकीच्या साथीत लोकांची घाण स्वतःच्या हातांनी काढलेला. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तो सांगे, की देवानं सगळी माणसं आपल्याच रूपाची केली. सोमवारी मात्र व्हरांड्यात वेताच्या चार खुर्च्या रिकाम्या असत आणि शमुवेलचे वडील उभ्यानं अहवाल वाचत. “साहेब वाईट नव्हता बरं का,” गुरुजी म्हणाले. “सांगायचा ते खरंच होतं. मी ते त्याच्याकडूनच शिकलो. त्याचं फक्त खुर्च्यांकडे लक्ष नव्हतं.”

स्वतः गुरुजींनी मात्र लक्ष ठेवायचं असं ठरवलं असावं. शाळेतल्या प्रत्येक पोराला ते अहो-जाहो करत. पहिलीतलं, नाक गळणारं, चड्डीची नाडी तोंडात धरलेलं पोरगं असलं तरी “अहो सुभानराव, जरा फळ्याकडे बघता का?” सुभान मांगवाड्यातला. आप्पांची नात शांता, तीही ‘शांताबाई’. आधी पोरं खिदळायची. मग त्यांना सवय झाली, आणि त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे पोरं एकमेकांना ‘अहो’ म्हणून शिव्या द्यायला लागली. गुरुजींच्या घरी एक शेळी होती. ती तेवढी ‘तू’. “तिला हक्क मिळायचेत अजून,” असं म्हणून ते तिला ओल्या शेंगांची टरफलं घालत.

भांडण कसलंही असो, गुरुजींचं एकच: “थांबा, वाचून पाहू.” बांधाचा वाद घेऊन कोणी आलं तर सातबाऱ्याचा उतारा आणा, वाचून पाहू. औषधाची बाटली असेल तर तिच्यावरचा कागद वाचून पाहू. गावात निम्म्याहून जास्त लोकांचा अंगठा, त्यामुळे गुरुजींच्या ओसरीवर कागद घेऊन आलेली माणसं कायम दिसत. अंगठेवाल्यांत आप्पाही होते. त्यांना अक्षर वाचता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. गुरुजी त्यांचा कागद वाचताना आवाज मुद्दाम हळू करत, म्हणजे ओसरीवरच्या बाकीच्यांना वाटावं, दोघं मिळून काही खलबत करताहेत.

नाताळात गुरुजींच्या पत्नी, मार्थाबाई, करंज्या आणि शेव करत आणि ताटं भरून घरोघर पाठवत. गावाची अडचण व्हायची. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या घरचं खायचं कसं? काही घरी नेमका त्याच दिवशी उपास निघे. आप्पांकडे ताट गेलं की ते घरात घेतलं जाई, वर रुमाल टाकून देवघरापासून लांब ठेवलं जाई, आणि संध्याकाळी रिकामं ताट परत येई, त्यात भरताची चार वांगी. करंज्या कुठे जातात याचा बरेच दिवस पत्ता लागला नाही. मग आप्पांच्या सालदारानं मला सांगितलं, की मालक मळ्यात विहिरीमागं बसून एकटेच खातात. मी हे गुरुजींना सांगितलं तर ते मनापासून खूश झाले. पुढच्या नाताळात आप्पांच्या ताटात दोन करंज्या जास्त गेल्या.

आता त्या सरनाम्याविषयी.

आपल्या राज्यघटनेच्या पहिल्या पानावर जो मजकूर आहे, त्याला तेव्हा आम्ही सरनामा म्हणत असू. गुरुजींनी बुलढाण्याहून इंग्रजी घटनेची एक प्रत आणली होती. मराठीत तो मजकूर आमच्या खेड्यात तरी कुठं मिळत नव्हता, म्हणून गुरुजींनी स्वतःच त्याचं मराठी केलं. आता गुरुजींना भारदस्त मराठी म्हणून जी माहीत होती ती देवळातली, बायबलची. त्यामुळे त्यांचा सरनामा ‘आम्ही जे या देशाचे लोक, ते आम्ही’ असा सुरू होई. मोठ्या वर्गांतली मुलं शनिवारी सकाळी अंगणात रांगेनं उभी राहत. गुरुजी एक ओळ म्हणत, मुलं पुढची ओळ एका सुरात म्हणत. माना खाली, डोळे मिटलेले. न्याय, स्वातंत्र्य, समता हे शब्द यायचे, आणि बंधुता हा शब्द आला की गुरुजी जरा थांबायचे. सगळं संपल्यावर दोन श्वास शांतता, मग “बसा.”

मी विचारलं होतं, डोळे कशाला मिटायचे? ते म्हणाले, उघड्या डोळ्यांनी शेजारचा कोणत्या आळीतला आहे ते दिसतं.

घटनेचं वेड त्यांना का, हेही मी विचारलं. तेव्हा कळलं, की त्यात त्यांना आपल्या माणसांचा एक धागा दिसे. घटना करायला जे बसले त्यांत ख्रिस्तीही होते, आणि त्यांनी स्वतःसाठी राखीव जागा मागण्याचं सोडून दिलं, हे सांगताना गुरुजींची मान ताठ व्हायची. आम्ही सगळ्यांत मिसळून राहू, फक्त प्रत्येकाला आपल्या मनाप्रमाणे देव मानू द्या, एवढंच आमचं मागणं, असं ते म्हणत. बौद्ध वस्तीतले शिवराम त्यांच्याशी वाद घालायचे. समता, बंधुता हे सगळं आमच्या तथागतांचं आहे गुरुजी, तुमच्या मिशनचं नाही. गुरुजी अजिबात चिडत नसत. असेल, म्हणायचे. तुम्हाला तुमच्या वाटेनं मिळालं, मला माझ्या, दिल्लीत कोणी तिसऱ्याच वाटेनं आणलं असेल. कोणी आधी आणलं यावर शिवराम अडून बसायचे, आणि चहा पिऊन जायचे.

एकदा पावसाळी दुपारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला आईची गोष्ट सांगितली. मोठ्या दुष्काळात तिचे आईबाप रस्त्यावरच गेले. ती पाच वर्षांची. कोणीतरी तिला मिशनच्या अनाथ मुलांत आणून सोडलं. तिथं सगळ्या जातींची लेकरं एका रांगेत बसवून एकाच हंड्यातली पेज वाढत. आईला पुढे त्या पेजेची चव आठवत नसे. आठवायचं एवढंच, की शेजारची मुलगी जेवल्यावर तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली होती. “ती कोण, कुठली, कोणत्या घरची, आईला शेवटपर्यंत कळलं नाही. जन्मभर ती त्या मुलीविषयी बोलायची,” गुरुजी म्हणाले. “मी बंधुता शब्दाशी का थांबतो ते विचारलं होतं ना आपण?” मी विचारलं नव्हतं. पण त्यांना सांगायचं होतं.

त्या वर्षी सातवीत एकोणीस मुलं होती. गुरुजी या गावात आले तेव्हा शाळा चौथीपर्यंतच होती. अर्ज करून, लोकांच्या मागे लागून, आप्पांकडून एका खोलीची जागा मिळवून त्यांनी एकेक वर्ग वाढवत नेला. ही एकोणीस मुलं त्यांनी पहिलीपासून शिकवलेली, आणि या शाळेतून सातवीच्या परीक्षेला बसणारी ही पहिलीच तुकडी. त्यात मुली चार. सर्वांत हुशार शांता. गुरुजींची नोकरी दोनच वर्षं उरली होती. ते मला म्हणत, “सिंधूबाई, मार्चमध्ये या एकोणीस जणांना धाडच्या केंद्रात शिरताना पाहिलं, की माझं काम झालं.” पुन्हा पुन्हा म्हणत. मला तर ते पाठ झालं होतं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आप्पा शाळेवरून चालले होते. अंगणात पोरं डोळे मिटून, माना घालून, एका सुरात काहीतरी म्हणताहेत आणि मास्तर पुढं उभा आहे, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी असं आधी एकदाच पाहिलं होतं, बुलढाण्याच्या ख्रिस्ती देवळाच्या दारातून. ते घरी गेले तर शांता तुळशीपुढे उभी राहून तेच म्हणत होती. तिला पाठ झालं होतं म्हणून म्हणत होती, बिचारी. आजीनं तोंडावर पदर घेतला. चार दिवसांत अर्ज तयार झाला: मुख्याध्यापक मुलांकडून ख्रिस्ती प्रार्थना म्हणून घेतात. खाली वीस-पंचवीस अंगठे, पहिला आप्पांचा. गावातल्या कोणालाही अर्ज लिहून घ्यायला गुरुजींकडेच यावं लागलं असतं, त्यामुळे लिहिणारा बाहेरगावचा शोधावा लागला. शांताची शाळा त्याच दिवशी बंद झाली. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि मुलगी ख्रिस्ती प्रार्थना म्हणते एवढं कानावर गेलं तर कोण उंबऱ्याशी येणार, ही आप्पांची भीती काही खोटी नव्हती. मला त्या वेळी आप्पांचा फार राग आला. आज तेवढा येत नाही.

बुलढाण्याहून शिक्षण विस्तार अधिकारी जीपनं आले. शाळेच्या ओसरीवर आप्पा, अर्जदारांपैकी पाच-सहा जण, मी आणि गुरुजी. साहेबांनी सरनाम्याची वही मागितली. पहिली ओळ वाचताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, तिसऱ्या ओळीला त्या गेल्या, आणि पान संपेपर्यंत ते हसायला लागले. त्यांनी आप्पांना समजावून सांगितलं, की ही प्रार्थना नाही, हे आपल्या देशाच्या घटनेचं पहिलं पान आहे. आपण सगळ्यांनी मिळून काय करायचं ठरवलं, ते यात आहे. आप्पांचा चेहरा उतरला. पण ते सहज हटणारे नव्हते.

“मंग लेकरं डोये काऊन मिटून राह्यले?” त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, ती म्हणण्याची एक पद्धत. मग त्यांनी कोरा कागद काढून गुरुजींपुढे ठेवला. प्रकरण इथंच मिटवू, म्हणाले. फक्त एवढं लिहून द्या, की या पठणाचा माझ्या धर्माशी काहीही संबंध नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आप्पासुद्धा सैल झाले. एका ओळीचं काम.

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद सरळ केला. ओसरीखाली शेळ्या चालल्या होत्या त्या पार निघून गेल्या, तरी कागद कोराच.

“साहेब, हे मला लिहिता येणार नाही,” ते म्हणाले. “संबंध आहे.”

साहेबांना वाटलं, गुरुजींना कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांच्या पद्धतीनं, मुद्दा मुद्दा करून उत्तर दिलं. शब्द देशाचे आहेत, सगळ्यांचे आहेत, त्यावर माझी मालकी नाही. पण म्हणायची रीत मी माझ्या देवळातून घेतली. आणि या शब्दांचा अर्थ मला पुस्तकाच्या आधी आईकडून कळला, तिला तो मिशनच्या रांगेत कळला. संबंध किती आहे ते मला सांगता येत नाही. नाही असं मात्र लिहिणार नाही.

साहेब वैतागले. “गुरुजी, मी तुम्हाला वाचवतोय.”

“हाव साहेब,” गुरुजी म्हणाले, “समजते मले.” शाळेत त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी तेवढी एकदाच ऐकली.

मग त्यांनी तीन-चार ओळी लिहिल्या. जे बोलले तेच, आणि शेवटी: मुलांना मी धर्म शिकवलेला नाही, शिकवणारही नाही. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. या कागदावर मला प्रकरण मिटवता येत नाही, वर पाठवावं लागेल, तोवर हे पठण बंद ठेवा, असं सांगून ते जीपमध्ये बसले. गावात संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की मास्तरनं स्वतःच्या हातानं कबूल केलं.

मी गुरुजींशी दोन दिवस बोलले नाही. माझ्या मते हा शुद्ध हट्ट होता. शांता घरी बसलेली, परीक्षा चार महिन्यांवर, आणि यांना शब्दाचा कीस काढायचा आहे. तिसऱ्या दिवशी मी ते तोंडावर बोलून दाखवलं. ते म्हणाले, “आपण म्हणता त्यात तथ्य आहे.” एवढंच. मला वाटलं होतं, माझ्याशी वाद घालतील.

पुढच्या रविवारी दुपारी मी मार्थाबाईंकडे मशीनवर शिवण शिकत बसले होते. आप्पा आले. इतक्या वर्षांत त्यांनी गुरुजींच्या ओसरीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी ते थेट आत येऊन सतरंजीवर बसले. मार्थाबाईंनी पाणी ठेवलं ते घटाघट प्याले. मग म्हणाले, चूक माझी झाली, अर्ज मी मागं घेतो, पण तुम्ही तेवढं लिहून द्या.

“शांतीचं सासर पाहून राह्यलो, गुरुजी. लोक म्हनतात, मास्तरनं सोताच लिवून देल्लं. आता पोरगी शाळेत पाठवली त कोन करीन तिले? तुमी काऊन जिद करून राह्यले? चार अक्षरं त हायेत.”

गुरुजी म्हणाले, “आप्पा, तुम्ही ऐकलंत ते चुकीचं नव्हतं. तुम्हाला त्यात प्रार्थना ऐकू आली. माझ्यासाठी ती आहेच. फक्त ते तुमचं नाही असं तुम्हाला वाटलं, ते चुकलं. ते जितकं माझं तितकंच तुमच्या शांताबाईंचं आहे.”

आप्पा म्हणाले, “हे मले समजत नाई. मले पोरगी समजते.”

 गुरुजी मोठ्या कष्टानं बोलले. मला खोटं लिहिता येत नाही, तुमच्या नातीसाठीही येत नाही, हा माझा दुबळेपणा समजा. मग त्यांनी विचारलं, “आप्पा, मीच गावातून गेलो तर? गेलेल्या माणसाची चर्चा किती दिवस चालेल?”

आप्पांनी विचार केला. “चार बाजार चालन. मंग इसरतीन.”

“म्हणजे एक महिना. मी आताच बदली मागून घेतो. महिन्यानं शांताबाईंना शाळेत पाठवाल? परीक्षेला बसवाल?”

मशीनचं चाक हातात धरून मी तशीच बसले होते. आप्पांना मान वर करवेना. ते म्हणाले, तुमची पोरं आहेत ना परीक्षेला, तुम्हाला पाहायचं होतं ना. म्हणजे मार्चची ती गोष्ट त्यांनाही पाठ होती. गुरुजी म्हणाले, मी पाहावं असं काही परीक्षेच्या नियमांत नाही.

“शब्द देता?”

“देतो,” आप्पा म्हणाले. उठताना त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं.

बदली मागणाऱ्याची बदली चटकन होते. कचेरीलाही ते सोयीचं होतं. मोताळा तालुक्यात, धामणगाव बढेच्या पलीकडच्या एका वाडीवर, एकशिक्षकी शाळा. मार्थाबाईंनी सामान बांधलं. मी मदतीला गेले होते. त्या म्हणाल्या, “मी यांना एकदाच म्हटलं, लिहून टाका. तर म्हणाले, मार्था, त्या रांगेत बसली तेव्हा माझी आई पाच वर्षांची होती. मग मी पुन्हा नाही बोलले.” शेळी त्यांनी सुभानच्या घरी दिली. गुरुजी गेले त्या दिवशी शाळा नेहमीसारखी भरली होती, कारण त्यांनीच तसं बजावलं होतं. ते पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवून, हातावरचा खडू झटकून गेले.

आप्पांचा अंदाज बरोबर निघाला. चौथ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शांता दप्तर घेऊन दारात उभी होती. तिचा बुडालेला अभ्यास मी रविवारी घेऊन भरून काढला. नव्या हेडमास्तरांनी खुर्ची कायमची आपल्याकडे घेतली आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

त्यानंतर मी गुरुजींना एकदाच पाहिलं. मार्चमध्ये. एकोणीस मुलांना घेऊन मी धाडच्या केंद्रावर गेले. बाजाराचा दिवस, रस्ता गाड्यांनी आणि टोपल्यांनी भरलेला. मुलं आत शिरली, घंटा झाली, आणि मी सहज समोर पाहिलं तर बियाण्यांच्या दुकानाच्या आडोशाला गुरुजी उभे. बुलढाण्यावरून दोन एस.टी. बदलून आले होते. मी धावत गेले. त्यांनी माझी चौकशीसुद्धा केली नाही. “एकोणीस?” विचारलं. मी म्हटलं, एकोणीस. “शांताबाई?” म्हटलं, पहिल्या बाकावर. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, मी आलो होतो हे मुलांना सांगू नका. विशेषतः शांताबाईंना. गावचे लोक बाजारात आहेत. तिला माझ्याशी बोलताना कोणी पाहिलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत मुलं बाहेर आली. शांताला घ्यायला आप्पा दमणी जुंपून आले होते. ते गाडीजवळ शिदोरी सोडून बसले होते. गाडी नेमकी दुकानासमोर. शांता उड्या मारत इकडेच येताना दिसली, तसे गुरुजी झटकन वळले आणि दुकानाच्या भिंतीवर बियाण्यांची जाहिरात चिकटवली होती ती वाचायला लागले. रस्त्याकडे पाठ, नाक अगदी कागदाला लावलेलं. दहा पावलांवर ज्या मुलीला पाहायला आले होते ती मुलगी, आणि हा माणूस ज्वारीच्या बियाण्याविषयी वाचतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांचा रागही आला.

आप्पांनी ते पाहिलं. पाठ ओळखू येण्याइतकी ती पाठ त्यांनी पाहिली होती. भाकरी फडक्यात तशीच ठेवून ते उठले, रस्ता ओलांडला आणि गुरुजींच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.  बाजारात आमच्या गावचे कितीतरी लोक होते. आप्पांनी एकदा मागे वळून सगळ्यांकडे नीट बघून घेतलं. मग जन्मात जे चारचौघांत कबूल केलं नव्हतं ते भर बाजारात मोठ्यानं बोलले.

“शांते, इकडं ये वो. मले वाचता येत नाई. काय लिवलं हाये, वाचून दाखव.”

शांता आली, आणि आजोबांच्या शेजारी कोण उभं आहे ते तिला दिसलं. ती क्षणभर अडखळली. आप्पांनी कागदावर बोट ठेवलं. ती दोघांच्या मधे उभी राहून वाचायला लागली. बियाणं कोरड्या जागी ठेवावं, पेरणीआधी निवडून घ्यावं, किडलेले दाणे बाजूला काढावेत. खणखणीत आवाज, कुठं अडकत नव्हती. खाली दुकानाचं नाव आणि पत्ता होता, तोही तिनं वाचला.

वाचून संपलं. गुरुजींची नजर अजून भिंतीवरच होती. ते म्हणाले, “पुन्हा वाचता का, शांताबाई?”

ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागली.